न हुंगलेलं फूल

देवाला वाहायचं फूल हुंगू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. हुंगलं की ते उष्टं झालं. माहीत सगळ्यांना असतं आणि पाळतो जो तो आपापल्या सोयीने. परडी भरता भरता एखादं फूल नाकाशी गेलंच, तर इकडेतिकडे बघून ते गुपचूप परडीत टाकणारे भक्त आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मखमलाबादच्या चिमाजीने मात्र ही एवढीशी गोष्ट जी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. स्वतः सोडली नाही ते एक वेळ ठीक, पण घरातल्या कुणालाही सोडू दिली नाही.

चिमाजी म्हणजे भावकीत कुणी न विचारणारा माणूस. वाटण्या झाल्या तेव्हा द्राक्षाला लायक अशी वरची जमीन थोरल्या भावांनी घेतली आणि पाटाकडेचा ओलसर तुकडा याच्या गळ्यात मारला. शाळा चौथीत सुटलेली, बोलायला धीर नाही, सोसायटीच्या मीटिंगला गेला तर सतरंजीच्या कडेला बसायचा आणि चहा त्याच्यापर्यंत येईस्तोवर किटली रिकामी व्हायची. त्या तुकड्यात त्याने निशिगंध लावला. एकदा सहज म्हणून टोपलीभर फुलं पंचवटीतल्या एका देवळात नेऊन दिली. पुजाऱ्याने त्यांचा हार करून त्याच्यासमोरच मूर्तीच्या गळ्यात घातला. चिमाजी तिथे खांबाला टेकून किती तरी वेळ उभा राहिला. आपली माती, आपल्या विहिरीचं पाणी, आपलं झाड, आणि तिथून थेट देवाचा गळा. या सगळ्या माळेत आपणही कुठेतरी ओवलेले आहोत, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "नवसे, मी उगाच जन्मलो नाय."

नवसाबाई हसली. हा माणूस एवढं मोठं वाक्य बोलतोय, याचंच तिला कौतुक वाटलं.

तेव्हापासून नेम सुरू झाला. पहाटे फुलं तोडायला जाताना चिमाजी बांधावर वहाणा काढायचा. वाफ्याच्या तोंडाशी थांबून झाडांना विचारायचा, "येऊ का?" मगच आत पाऊल. आणि नाकावर पांढरं उपरणं घट्ट बांधलेलं. त्याचा हिशेब साधा होता. वास म्हणजे झाडाचं बोलणं. झाड देवाशी बोलतं. आपण फक्त निरोप पोचवणारे. मधेच कान लावायचा नाही. वाऱ्यावर आलेला वास ही देवाची मर्जी, वाकून घेतलेला वास ही चोरी. भरलेली एक टोपली सायकलला बांधून तो रोज देवळात नेऊन द्यायचा, फुकट. बाकीची फुलं नवसाबाईचा भाऊ केरू बाजारात न्यायचा.

केरू तोंडाने सैल माणूस. तो चिडवायचा, "दाजी, तुमची फुलं काल एका हाटेलात बघितली. हात धुवायच्या बेसिनपाशी ठेवली व्हती."

"माझ्या हातून सुटली तवा तर कोरी व्हती ना? मग झालं," चिमाजी म्हणायचा, आणि खरंच त्याचं तेवढ्यावर समाधान व्हायचं.

आता कुणी म्हणेल, यात वाईट काय? माणसाला जगायला काहीतरी धरून ठेवावं लागतं. याने फूल धरलं. वाईट एवढंच, की चिमाजीने ते सगळ्यांच्या वतीने धरलं. फुलांच्या मळ्यातली बाई, पण नवसाबाईच्या अंबाड्यात कधी घरचं फूल दिसलं नाही. हळदीकुंकवाला बायका गजरे माळून यायच्या आणि हिला म्हणायच्या, "तुला काय बाई, मळाच आहे!" ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची.

आणि साधना. चिमाजीची एकुलती एक मुलगी. ब्याण्णव साल असेल, पोर आठ वर्षांची. पावसाने उघडीप दिली होती, अंगणात देवळाची टोपली भरून ठेवलेली, आणि चिमाजी सायकलला दोरी बांधत होता. साधना टोपलीपाशी बसली, तिने एक फूल उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. एवढंच. चिमाजीने ते पाहिलं. त्याने हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. उचललेला हात पोरं विसरतात, म्हणून म्हणतो, त्याने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने टोपली उचलली आणि सगळी फुलं पाटाच्या पाण्यात सोडून दिली. मग मुलीकडे वळून म्हणाला, "उष्टं केलंस."

त्या दिवशी तो रिकाम्या हाताने देवळात गेला, माफी मागून आला आणि घरात चूल पेटली नाही. एकीच्या चुकीचा उपास सगळ्यांनी करायचा होता. संध्याकाळी नवसाबाईने मुलीच्या हातात गुपचूप शेंगदाणे आणि गूळ दिला, तर पोरीने विचारलं, "हे पण उष्टं होईल का?" त्यानंतर साधना फुलांच्या जवळ गेली नाही. शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी गजरा घालायला घेतला तर तिने मान मागे घेतली.

पुढे मळ्यावर फुलकिडे आले. आसपास सगळीकडेच फवारण्या वाढल्या होत्या, चिमाजीनेही पाठीवरचा पंप घेतला. आठवड्याला एक, पुढे दोन. औषध असं जळजळीत, की शेजारच्या मळ्यातला पुंजाराम तोंडाला फडकं गुंडाळून लांब उभा राहायचा. चिमाजी मात्र उघड्या नाकाने फवारायचा. तोंडाला बांधायला दुसरं काही नव्हतं असं नाही. उपरणं होतं की. पण ते फुलं तोडायचं उपरणं. नवसाबाई ते वेगळं धुवायची, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर वेगळं टांगायची. त्याला औषधाचा डाग लागला तर उद्या तेच देवाच्या फुलांपाशी कसं न्यायचं? आणि नाकाला दुसरं कुठलं फडकं बांधावं, तर नाक बांधायचं ते फक्त फुलांसाठी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुंजाराम ओरडून सांगायचा, "चिमाजी, नाक झाक रे!" हा हात हलवायचा आणि पुढच्या ओळीत शिरायचा.

वर्षं गेली. पूर्वी संध्याकाळी मळ्यावरून वारा आला की चिमाजीचा जीव तिकडे ओढायचा. तो उठून घरात जायचा, देवाचं नाव घेत बसायचा. हळूहळू ती ओढ थांबली. संध्याकाळी तो निवांत ओट्यावर बसू लागला. त्याला वाटलं, आपला नेम फळाला आला, मन जिंकलं. हे तो कुणाला बोलला नाही, पण त्याच्या चालण्यात एक संथपणा आला. सोसायटीच्या मीटिंगमध्येही तो आता सतरंजीच्या मध्यावर बसायचा.

एका उन्हाळ्यात दुपारी फळीवरची औषधाची बाटली पडून फुटली. नवसाबाई आणि साधना खोकत, डोळे चोळत अंगणात पळाल्या. केरू आलेला होता, तोही उंबऱ्यातून मागे फिरला. आत चिमाजी भाकरी खात बसलेला. "काय झालं?" म्हणून त्याने शांतपणे विचारलं. केरूने तिथूनच हात जोडले, "दाजी, तुम्ही नाक जिंकलं राव! साधू झाले साधू!" ही गोष्ट केरूने गावभर केली आणि लोकांनीही ती मान डोलावून ऐकली. मान डोलावली नाही ती फक्त नवसाबाईने. ती नवऱ्याच्या ताटाकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः चाखायला लागली. दूध उतू जायच्या आत धावायची, चुलीपाशी त्याला एकट्याला बसू द्यायची नाही. चिमाजीला वाटलं, वयाबरोबर बायकोची माया वाढली.

साधनाचं लग्न झालं, ती नाशिकरोडला गेली. जावई भारत नोटांच्या छापखान्यात कामाला, माणूस सरळ. लग्नात हारांना फुलं घरचीच होती, आणि नवरी हार घालताना श्वास रोखून उभी आहे, हे तिच्या आईशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नवसाबाईच्या पोटातली गाठ कळली. कळली तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. साधना माहेरी येऊन राहिली. भाद्रपदात गाठ फुटून जखम वाहायला लागली आणि त्या खोलीत पाय ठेववेना. फिनेल झालं, कापूर झाला, ऊद झाला, पण वास भिंतीत मुरला होता. भेटायला आलेल्या बायका पदर नाकाला लावून दारातूनच बोलायच्या. साधनासुद्धा आईचं सगळं करायची आणि मग मोरीत जाऊन ओकायची. एकटा चिमाजी मात्र रात्रंदिवस उशाशी बसायचा. तिच्या कपाळावर हात ठेवायचा, तिथेच जेवायचा. शेजारच्या मंगलाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "नवरा असावा तर असा. त्याच्या कपाळाला आठी नाय बाई." चिमाजीने ते ऐकलं. दुःखाच्या त्या दिवसांतही त्याला आतून बरं वाटलं. ज्याला सुगंधाचा मोह नाही, त्याला दुर्गंधाची किळस कशी असेल, असं त्याच्या मनात आलं.

एका संध्याकाळी खिडकीतून निशिगंधाच्या मळ्यावरचा वारा आला आणि लगेच पडला. नवसाबाईने डोळे उघडले.

"आवं, ऐकता का. फुलांची एक छडी आणा ना तोडून. उशाशी ठेवते."

"कशाला?"

"या खोलीत ऱ्हावत नाय मला. माझाच वास मला सोसत नाय हो."

"कुठं येतोय वास?" चिमाजी तिचा हात हातात घेऊन म्हणाला. "मला तर काय येत नाय."

हे त्याने तिची समजूत काढायला म्हटलं, आणि ते खरंही होतं. नवसाबाईने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. चिमाजी सांगत होता, "आयुष्यभराचा नेम हाय. साधीची ती एक चूक सोडली, तर घरच्या माणसानं फूल हुंगलं नाय अजून. त्याच नेमाच्या जोरावर तू उठून बसशील बघ. उद्यापास्नं दोन टोपल्या नेतो देवळात, तुझ्या नावानं."

"न्या," नवसाबाई म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

साधना उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी नवसाबाई गेली. तिरडी बांधली तेव्हा चिमाजी विळा घेऊन मळ्यात शिरला आणि फुललेले दोन अख्खे वाफे कापून घेऊन आला. छड्यांनी नवसाबाई झाकून गेली, फक्त चेहरा उघडा राहिला. एवढी फुलं पाहून केरूने रडता रडता वर पाहिलं, तर चिमाजी म्हणाला, "आता चालतंय. ती आता वास घेणार नाय." हे तो मनापासून बोलला, तो ढोंगी माणूस नव्हता. पण त्या वाक्याचा अर्थ काय होतो, ते त्याला कळलं नाही. साधनाला कळलं, आणि ती तिथून उठून मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे ढीगभर, पण एक जवळ येईना. ऊन चढलं. असं झालं की मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते शोधायचं आणि वचन द्यायचं, ही आपली रीत. केरू पुढे झाला, "आक्का, साधनाला माहेर तुटू देणार नाय." कावळा हलला नाही. भारत पुढे झाला, काहीतरी पुटपुटला. नाही. मग सगळ्यांनी चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीला आधीपासून माहीत होतं. तो पिंडासमोर गुडघे टेकून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या वाटचं फूल मी हुंगतो, नवसे. नेम मोडला. ये आता."

कावळा आला. त्याला भूकही लागली असेल, उन्हाची वेळ होती. पण चिमाजीने जमिनीला डोकं टेकलं.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच उपरणं न घेता मळ्यात गेला. वहाणा काढल्या. "येऊ का?" म्हटलं. न कापलेल्या वाफ्यात नुकतीच उमललेली छडी होती, तिचं वरचं फूल त्याने खुडलं. लहानपणी, नेमाच्या आधी, कधीतरी घेतलेला तो वास त्याला पुसट आठवत होता. गोडसर, जड, संध्याकाळी छातीत उतरणारा. तीस वर्षं जे देवाला दिलं ते आज एकदाच बायकोच्या नावाने परत घ्यायचं होतं. त्याने डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काहीच नाही. पाकळीचा गारवा तेवढा नाकाला लागला. त्याने दुसरं फूल घेतलं. मग तिसरं. मग ओंजळभर फुलं तोंडावर दाबून धरली, चुरगळली, त्यांचं पाणी नाकात गेलं. नुसता वारा आत जात होता आणि बाहेर येत होता.

त्याने हाक मारली तशी साधना बांधावर आली. तिथे वास एवढा दाटला होता की तिने नकळत श्वास रोखला.

"साधे, यंदा निशिगंधाला वास नाय का?"

साधना म्हणाली, "आहे. तुम्हाला येत नाही, नाना."

"म्हंजी?"

"तुम्हाला कसलाच वास येत नाही. लय वर्षं झाली. औषधाची बाटली फुटली तेव्हा तुम्ही आत जेवत बसला होता, ते साधू झाला म्हणून नाही. आईच्या खोलीत बसला होता, तेही..." ती थांबली. तेवढं मात्र तिला बोलवेना.

हातातल्या चुरगळलेल्या फुलांकडे बघत चिमाजीने विचारलं, "तिला म्हाईत व्हतं?"

"आईलाच पहिल्यांदा कळलं. शिळं, आंबलेलं तुमच्या पोटात जाऊ नये म्हणून ती आधी चाखायची. मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून."

"का? का नाय सांगितलं मला?"

"तुमच्याकडं दुसरं होतं काय?" साधना म्हणाली. "नेम गेला असता तर तुम्ही कशावर जगला असता? मी त्या दिवशी म्हटलं आईला, गुपचूप आणते छडी, उशीखाली ठेव, त्यांना काय कळतंय. तर म्हणाली, कळत नाय म्हणूनच नको. आंधळ्याच्या ताटातली भाकर उचलायची का?"

तेराव्यानंतर भारतने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली, कसल्या कसल्या बाटल्या हुंगायला दिल्या. वय असेल, म्हणाले, फवारण्याही असतील, आता काही होणार नाही. मग सहज विचारलं, "फवारताना नाकाला काही बांधत नव्हता का?" चिमाजीने नुसती मान हलवली. देव्हाऱ्याशेजारची खुंटी त्याच्या डोळ्यांसमोर आली. डॉक्टरांना ते सांगून काय कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी साधना सासरी निघाली. पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती, बसची वेळ होत आली होती. चिमाजी मळ्यातून आला. त्याच्या हातात दव असलेली एक छडी होती. मुलीपुढे तो एवढा वाकून कधी उभा राहिला नव्हता.

"साधे, तू घे वास. अन् मला सांग कसा येतो. तेवढं सांग. मी तुझ्या आईला वचन दिलंय."

साधनाने छडी हातात घेतली. वरच्या फुलावरून तिने बोट फिरवलं. क्षणभर असं वाटलं की ती ते फूल वर उचलणार. ती रागाने काही बोलली असती तर चिमाजीला सोसलं असतं, इतके दिवस तो त्याचीच वाट बघत होता. पण ती अगदी साध्या आवाजात, आठ वर्षांच्या पोरीसारखी म्हणाली,

"उष्टं होईल ना, नाना."

छडी तिने त्याच्या हातात परत दिली, वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि ती स्टॉपकडे चालायला लागली. चिमाजी बस जाईपर्यंत अंगणात उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने खुंटीवरचं उपरणं काढलं. तेराव्याच्या गडबडीत ते धुवायचं राहिलं होतं, आणि आता धुणारंही कुणी नव्हतं. बांधावर वहाणा काढून, ते नाकावर घट्ट बांधून, वाफ्याच्या तोंडाशी थांबून त्याने विचारलं, "येऊ का?" दुसरं काय करायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं.